झळ, धग आणि चटका : जुन्या स्पोर्ट्स मोटारीतील उष्णतेचा बंदोबस्त

वैशाखात धाराशिव-तुळजापूर मार्गावर धावणाऱ्या जुन्या घडणीच्या एस. टी. गाडीत इंजिन चालकाच्या डाव्या हातालाच लोखंडी झाकणाखाली असे. त्या झाकणास हात लागला की चटका बसे. फटींतून पायांवर झळ येई. आणि स्पर्श वा वारा यांवाचूनही पोटरीला धग जाणवे. 'उन्हाचा चटका' यांसारखे प्रयोग सोडल्यास या तीन शब्दांची वाटणी पुष्कळशी नेमकी आहे. पदार्थविज्ञानातील वहन, अभिसरण व प्रारण ती हीच. परिभाषा घडविणाऱ्यांना मात्र संस्कृतकडेच जावेसे वाटले.

१९६१ साली अवतरलेल्या जग्वार ई-टाइपसारख्या स्पोर्ट्स मोटारीत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. लांब बॉनेटखाली मोठे इंजिन, त्याला लागून ठेंगणी बैठक, दोहोंमध्ये केवळ पत्र्याचा पडदा, आणि पायांशेजारी गिअरबॉक्स. अशा मोटारीचा हौशी मालक बहुधा जाड गालिचा अंथरतो व निराश होतो. कारण उघड आहे : त्याने तीन शत्रूंपैकी एकाशीच सामना केलेला असतो.

मराठवाड्यातील माळवदाचा दाखला येथे उपयोगी पडतो, पण उलट अर्थाने. जाड मातीचे छप्पर दिवसाची उष्णता पोटात साठविते. ती खाली उतरेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. इंजिनाला तसा सूर्यास्त नाही. ते चार तास चालले तर चारही तास तापत राहते. तेव्हा नुसत्या जाडीने विलंब होईल, बचाव होणार नाही.

धगेवर उपाय चकाकत्या अल्युमिनियमच्या पत्र्याचा. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की प्रारण सोळापट होते, आणि एक्झॉस्टचे नळ तर ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जातात. स्वच्छ अल्युमिनियम यातील बहुतांश उष्णता परतविते. परंतु त्याच्या व तापलेल्या भागाच्या मध्ये हवेची पोकळी हवी. पत्रा नळाला टेकला की तो आरसा राहत नाही, तवा होतो.

चटक्यावर नमदा चालतो. धनगरी घोंगड्यात ऊब राखणारी लोकर नव्हे, तर तिच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा होय. नमद्याचे कार्यही तेच. तो ओला झाल्यास मात्र हवेची जागा पाणी घेते, आणि खालचा पत्राही गंजतो.

झळेकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि धोका तेथेच आहे. तारा, पेडल व स्टिअरिंगचा दांडा यांसाठी पडद्यास पाडलेल्या छिद्रांतील रबर वाळून तडकते. त्या वाटेने येणाऱ्या उष्ण हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो; त्याला रंग नाही, वास नाही. चालकाची गुंगी उन्हाच्या माथी मारली जाते. म्हणून आधी एक्झॉस्टची गळती शोधावी, मग छिद्रे बुजवावीत, आणि आच्छादने त्यानंतर घालावीत.

जुने आच्छादन उपटतानाही सावधगिरी हवी. त्या काळी उष्णतारोधनासाठी अॅस्बेस्टॉस सर्रास वापरीत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांचा कर्करोग कित्येक दशकांनंतरही उद्भवू शकतो. संशयास्पद करडा थर दिसल्यास तो कोरडा खरवडू नये. तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये.