वणवा, भाजावळ आणि जाळरेषा : रानांतील आगीच्या उल्लेखांचा अर्थ कसा लावावा

जुन्या कागदांत रान जळाल्याचा किंवा गवत जाळल्याचा उल्लेख आला म्हणजे आपण बहुधा त्यावरून नजर फिरवून पुढें जातों. तह, वतन, निवाडा यांच्या मानानें ही बाब क्षुल्लक वाटते. कोणी थांबलाच तर "वणवा लागला" एवढें टिपून मोकळा होतो. आमच्या मतें या टिपणांत एक चूक होण्याचा फार संभव आहे. रानांतली आग ही एकच वस्तु नव्हे. निष्काळजीपणानें पसरलेली आग, शेतकऱ्यानें मोजून लावलेली आग, कुरण राखण्यासाठीं किंवा मोठा वणवा अडविण्यासाठीं आधींच लावलेली आग आणि शत्रूस वैरण मिळूं नये म्हणून लावलेली आग, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखण्याची पहिली किल्ली कागदावरील तिथि ही होय, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्द पाहूं. संस्कृतांत "दव" व "दाव" या दोन्ही शब्दांचे अर्थ दोन : रान, आणि रानांतली आग. अमरकोशानेंही ते एकत्रच दिले आहेत. "वनदव" याचें प्राकृत रूप "वणदव", आणि त्यावरून आपला "वणवा". मोल्सवर्थच्या कोशाच्या इ. स. १८५७ च्या आवृत्तींत वणवा हा शब्द आहे आणि राब हाही आहे. म्हणजे भाषेनें हा भेद केव्हांच केला होता. तो विसरले ते कागद वाचणारे.

ग्रंथांतही ऋतूची जाणीव स्पष्ट आहे. कालिदासाच्या ऋतुसंहारांत दावाग्नीचें वर्णन येतें तें पहिल्या सर्गांत, म्हणजे ग्रीष्मांत. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथसंग्रहांतील हस्तलिखितावरून इ. स. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत ग्रीष्मकालीं गांवकऱ्यांनीं स्वयंपाक घराबाहेर करावा असें सांगितलें आहे. कुरण, शेत, खळें, घर, लांकडाचें वन आणि हत्तींचें वन यांस आग लावणाऱ्यास तर त्याच ग्रंथांत अग्नींत जाळण्याची शिक्षा आहे. या यादींत कुरण आणि घर हीं एकाच ओळींत बसलीं आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जनावरें व घोडे ज्यावर जगतात तें गवत जाळणें हा घर जाळण्याइतकाच अपराध होता.

आतां ऋतूचें एवढें महत्त्व कां, तें पाहूं. सह्याद्रींत पाऊस आश्विनांत ओसरतो आणि मार्गशीर्षापर्यंत उंच वाढलेलें गवत पिवळें पडतें. पौष-माघांत रात्रीं दंव पडतें, जमिनींत ओल असते, गवताचे बुडखे पुरते वाळलेले नसतात. अशा वेळीं लावलेली आग बुटकी राहते, ठिकठिकाणीं जळते, ठिकठिकाणीं सुटते, आणि पुष्कळदां रात्र पडतांच विझते. फाल्गुन-चैत्रांत साग, ऐन इत्यादि झाडांचीं पानें गळून जमिनीवर थर बसतो, दुपारीं वारा सुटतो, आणि तीच आग कमरेच्या वर उठते. ती रोपें मारते, खोडाची साल फोडते. मागें उघडी पडलेली माती पहिल्या पावसांत वाहून जाते. उतारावर तर ज्वाळा वरच्या गवतावर कलते, तें आधींच शेकून ठेवते, आणि माणसाच्या धांवण्याहून वेगानें वर चढते. तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या डोंगरांत ११ मार्च २०१८ रोजीं वणव्यांत सांपडून वीसाहून अधिक गिरिभ्रमण करणारे मृत्यु पावले, ते अशाच वाळल्या गवताच्या उतारावर.

याच्या उलट टोंकास राब. कोंकणांत व मावळांत भाताचें रोप लावण्यापूर्वी रोपाच्या तुकड्यावर शेण, झाडांचा वाळलेला टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन वर मातीचा पातळ थर पसरतात, आणि उन्हाळ्यांत तो सर्व थर भाजतात. ही भाजावळ होय. आच हळूहळू चालावी व जमीन खोलवर शेकावी म्हणून आग वाऱ्याच्या उलट दिशेनें चालवितात. ही आग फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत लागते. परंतु ती वावभर जागेंत, कडेनें साफ केलेल्या जमिनींत, माणसाच्या देखत जळते. तेव्हां तिथि ही पहिली किल्ली असली तरी एकटी पुरेशी नाहीं. जागा आणि हेतु हेही विचारावे लागतात. डोंगरउतारावरील दळी आणि दक्षिणेकडील कुमरी यांची जात आणखी निराळी. तेथें झुडपें तोडून, वाळवून, जाळून त्या राखेंत पावसाच्या आरंभीं नाचणी, वरी पेरीत, आणि दोनचार वर्षांनीं ती जागा सोडून दुसरी धरीत.

चौथी आग लष्करी. घोडदळाचें राज्य गवतावर चालतें. सरकारी कुरणें राखणें हा म्हणूनच कारभाराचा भाग होता, आणि शत्रूच्या वाटेवरील दाणावैरण नाहींशी करणें हा युद्धाचा. इ. स. १७७९ च्या जानेवारींत इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगांवीं पोंचली तेव्हां गांव जाळून ओस टाकलेला होता. पुढें कांहीं दिवसांतच वडगांवचा तह झाला. जानेवारींत मावळांतील गवत नुकतेंच वाळलेलें असतें. त्या महिन्यांतील छावणीच्या कागदांत जाळपोळीचा उल्लेख आल्यास त्यास वणवा समजणें म्हणजे डावपेंचास अपघात समजणें होय.

यानंतर एका नव्या प्रकारचे कागद सुरू होतात, आणि त्यांत भेद पुसला जातो. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे इ. स. १८४७ सालीं वनांचे कॉन्झर्व्हेटर झाले. कुमरीस त्यांचा विरोध होता. सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत इ. स. १८६४ च्या सुमारास मध्यप्रांताचे कॉन्झर्व्हेटर पिअर्सन यांनीं रान आगीपासून सर्वस्वीं राखण्याचा प्रयोग केला. तो साधला, आणि पुढें देशभर आग म्हणजे शत्रु हें वनखात्याचें ब्रीद बनलें. इ. स. १८७८ च्या कायद्यानें राखीव वनांत आग लावणें हा गुन्हा ठरला. त्या काळच्या दप्तरांत लागलेली, लावलेली, शेतांतून निसटलेली अशी प्रत्येक आग एकाच सदराखालीं मांडलेली आढळते. मनाई करणाराच नोंद ठेवणारा असला म्हणजे असें होणें स्वाभाविकच आहे.

परंतु या मताविरुद्ध पहिला आवाज खात्यांतूनच उठला. इ. स. १८९६ सालीं "इंडियन फॉरेस्टर" मासिकांत स्लेड नांवाच्या अधिकाऱ्यानें ब्रह्मदेशांत आगीपासून राखण अतिरिक्त होत आहे असें लिहिलें. कारण सरळ होतें. सागास उजेड हवा. आगीनें त्याचा शेंडा जळाला तरी बुडखा जिवंत राहून पुन्हां फुटतो. उलट ओलसर रानांत आग बंद झाली कीं बांबू व सदाहरित झुडपें दाटतात आणि सागाचीं रोपें सावलींत गुदमरतात. ज्याचें रक्षण करावयाचें तोच साग रक्षणानें नाहींसा होऊं लागला! विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रह्मदेशांतील ओलसर सागवनांत ही राखण सोडून देण्यांत आली. बंगाल व आसाम येथील ओलसर साल-वनांतही असाच अनुभव येऊन हंगामाच्या आरंभीं, गवत अर्धवट वाळलें असतांना जाळण्याची पद्धत स्वीकारण्यांत आली. कोरड्या रानांत मात्र आग राखणें हेंच हितकर, हेंही त्याच अनुभवानें ठरलें.

राबाचा वाद आमच्या प्रांतांतला. राखीव वनांतून टहाळ तोडण्यावर बंधन येतांच ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. मुंबई सरकारनें इ. स. १८८५ सालीं चौकशीमंडळ नेमलें आणि त्याचा अहवाल इ. स. १८८७ सालीं निघाला. राब ही अडाणी लोकांची खोड, कीं त्यांत कांहीं तथ्य आहे, हा प्रश्न पुढेंही चालू राहिला. इ. स. १९१२ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मान यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. रोपें जोमदार येतात तीं केवळ राखेमुळें नव्हे, तर माती शेकल्यामुळेंही, हें त्यांतून पुढें आलें. ज्याला खोड म्हटलें त्याला प्रयोगशाळेंत कारण सांपडलें. तथापि टहाळासाठीं ओरबाडलेलीं झाडें हीही खरीच आहेत. राब उपयुक्त ठरला म्हणून रानाची हानि झाली नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं.

नोंदींवर किती विसंबावें, याचें दुसरें उदाहरण कुमाऊंचें. तेथें चीड वृक्षाच्या सुया वसंतांत गळून जमिनीवर पसरतात. त्यांत राळ असल्यानें त्या झपाट्यानें पेटतात. पहाडी लोक गुरांसाठीं नवें गवत यावें म्हणून तो थर पूर्वापार जाळीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तीं रानें राखीव झालीं, आणि इ. स. १९२१ च्या उन्हाळ्यांत लोकांनीं निषेध म्हणून तीं मोठ्या प्रमाणावर पेटवून दिलीं. त्याच वर्षीं गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं समिति नेमावी लागली आणि तिच्या शिफारशींनंतर निर्बंध बरेच सैल झाले. एकाच डोंगरावर एकाच महिन्यांत लागलेल्या दोन आगी, एक गवतासाठीं व दुसरी निषेधासाठीं, सरकारी तक्त्यांत मात्र सारख्याच गुन्ह्याच्या ठरतात.

आजची स्थिति पाहिली तर हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाहीं असें दिसेल. इ. स. १९२७ चा वनकायदा अद्याप चालू आहे, आणि त्याच्या २६ व्या कलमांत राखीव वनांत विस्तव पेटविण्यास मनाई करतांना वनाधिकाऱ्यानें जाहीर केलेल्या हंगामाचा अपवाद ठेवला आहे. म्हणजे कायद्यासही ऋतु मान्य आहे. महाराष्ट्रांत वनखातें उन्हाळ्यापूर्वी ठराविक पट्ट्यांतील गवत कापून व जाळून जाळरेषा काढतें, म्हणजे वणवा तेथें येऊन उपाशी मरतो. काझीरंग्यांत गेंड्यांच्या चाऱ्यासाठीं उंच गवत दरवर्षीं थंडीच्या अखेरीस जाळण्यांत येतें. कर्नाटकांतील बिळिगिरिरंगाच्या डोंगरांत सोलिग लोक पूर्वी वर्षारंभींच पालापाचोळा जाळीत, इ. स. १९७४ सालीं तेथें अभयारण्य झालें, पुढें ती प्रथा बंद पडली, आणि घाणेरी माजण्याचें एक कारण ही बंदीच होय असें सोलिगांचें म्हणणें आहे. याउलट आमच्या सह्याद्रींत चांगलें गवत येतें या समजुतीनें चैत्रांत डोंगरच्या डोंगर पेटविले जातात. नवे कोंब लवकर दिसतात हें खरें. परंतु दरसाल तसें केल्यानें मातींतील सत्त्व हवेंत जातें, रोप टिकत नाहीं, आणि उतार उघडा पडतो. पूर्वजही जाळीत होते, एवढ्यावरून याचें समर्थन होत नाहीं. ते केव्हां, कोठें व किती जाळीत, हें सांगणारा कागद पुढें आला पाहिजे.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी. आगीचा उल्लेख सांपडल्यास चार गोष्टी टिपाव्या : महिना, जागा, लावणारा व हेतु. महिना टिपतांना सावधगिरी हवी. पेशवाई कागदांवर बहुधा "छ" पुढें मुसलमानी चांद्र महिन्याचा दिवस असतो. तो महिना दरसाल सुमारें अकरा दिवसांनीं मागें सरत सर्व ऋतूंतून फिरतो, त्यामुळें नुसत्या रबिलावल किंवा जिल्काद या नांवावरून ऋतु कळत नाहीं. शालिवाहन तिथि असली तरी अधिक मासामुळें तीस दिवसांचा फरक पडूं शकतो, आणि आगीच्या बाबतींत तीस दिवसांत माघाच्या बुटक्या आगीचा चैत्रांतला वणवा होतो. यासाठीं जंत्रीवरून इंग्रजी तारीख काढल्याशिवाय निष्कर्ष काढूं नये. जागा गांवठाणाजवळची, वरकस, कुरण कीं डोंगरमाथा, हेंही पाहावें. राब, टहाळ, भाजावळ, दळी, कुमरी हे शब्द आले तर ते "वणवा" या एका शब्दाखालीं न दडपतां जसेच्या तसे उतरून घ्यावे.

आज उपग्रहांच्या साह्यानें देशांतील वनांतल्या आगींच्या सूचना इ. स. २००४ पासून मिळत आहेत. आग कोठें व केव्हां लागली हें त्यांवरून कळतें. ती कोणीं व कशासाठीं लावली हें कळत नाहीं. मागील शतकांविषयीं तें सांगूं शकेल असें साधन आपल्या दप्तरांखेरीज दुसरें फारसें नाहीं. तें क्षुल्लक समजून टाकून दिलें जाऊं नये, एवढीच विनंति. इत्यलम्.