घर लागलं, पण मुलं रुळली का?

नव्या वस्तीत सामान आठवड्याभरात जागेवर बसतं. लहान मुलांना मात्र नवं अंगण, नवी शाळा आणि नवी माणसं आपली वाटायला वेळ लागतो. हा काळ त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही सोपा कसा कराल?

घर बदललं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘काय, घर लागलं का?’’ गृहिणीही सांगते, ‘‘हो, बरंचसं लागलं. माळ्यावरचे दोन खोके तेवढे राहिलेत.’’ घर लागलं म्हणजे गॅस जोडला गेला, डबे फळीवर चढले, पडदे लागले आणि देवांना कोपरा मिळाला. पण त्याच घरातला चार वर्षांचा मुलगा संध्याकाळ झाली की चपला घालून दाराशी उभा राहतो आणि विचारतो, ‘‘आई, आता आपण आपल्या घरी कधी जायचं?’’ तेव्हा लक्षात येतं, की त्याच्या दृष्टीने घर अजून लागायचंच आहे.

आज असं घर बदलणं काही विशेष राहिलेलं नाही. नोकरीसाठी साताऱ्याचं कुटुंब वाकडला येतं. दादरच्या दोन खोल्या अपुऱ्या पडतात म्हणून दुसरं कुटुंब खारघर किंवा उलव्याला जातं. बदलीमुळे नागपूरचं बिऱ्हाड हैदराबादला हलतं. जागा मोठी मिळते, बाथरूम स्वच्छ असतं, खाली बागही असते. राहून जातो तो शेजार. चाळीत किंवा वाड्यात तो आयताच मिळायचा. दारं उघडी असायची आणि मूल रांगत शेजारच्या घरात जायचं. नव्या इमारतीत लोखंडी दार, लिफ्ट आणि खाली रखवालदार. सहा महिने झाले तरी समोरच्या घराचं आडनाव तेवढं पाटीवरून माहीत असतं.

आणि मग एका रात्री दोन वाजता तान्ह्याला सणसणून ताप चढतो. नवरा दौऱ्यावर असतो. दवाखान्यात तर जायलाच हवं, पण झोपलेल्या थोरल्याला कुणाजवळ ठेवायचं? अशी वेळ येण्याआधीच या प्रश्नाचं उत्तर तयार हवं. लहान मुलं असलेल्या घरात शेजार ही केवळ हौसेची गोष्ट नाही, गरजेची आहे.

नव्या वस्तीत सगळेच नवे

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सेक्टरमध्येच शाळा, बाजार आणि मैदान असावं, असा तिचा आराखडा होता. पण माणसं आराखड्यात बसवता येत नाहीत. वाशीला रेल्वे पोहोचली ती १९९२ मध्ये. तोवर तिथे राहायला गेलेली कुटुंबं खाडीपुलावरून बसने ये-जा करत होती. गैरसोय सगळ्यांची सारखीच आणि सगळेच एकमेकांना नवखे. अशा वस्तीत एक सोय असते. तिथे ‘जुने’ आणि ‘नवे’ असा भेद नसतो. प्रत्येक दारामागे कुणीतरी आपल्यासारखंच गोंधळलेलं असतं. पहिलं पाऊल कुणी टाकायचं, एवढाच प्रश्न असतो. ते तुम्ही टाका.

वय तसा त्रास

सर्व मुलांना सारखाच त्रास होतो असं नाही. वर्ष-दोन वर्षांच्या बाळाला पत्ता बदलल्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला आई, बाबा, ओळखीची दुलई आणि ठरलेल्या वेळचा वरणभात मिळाला की पुरतं. म्हणून नव्या घरात सर्वांत आधी स्वयंपाकघराचा ओटा आणि मुलांचं अंथरूण लावा, दिवाणखाना नंतर. जुनी चादर मळकी दिसते म्हणून याच आठवड्यात फेकून देऊ नका. त्या चादरीला जुन्या घराचा वास असतो.

तीन ते सहा या वयात मुलं जास्त गडबडतात. सुटलेलं अंगठा चोखणं पुन्हा सुरू होतं. अंथरूण ओलं होतं. आई स्वयंपाकघरातून बाथरूमकडे निघाली तरी पदर सुटत नाही. ‘‘एवढा मोठा झालास आणि असं काय करतोस?’’ असं चारचौघांत म्हणू नका. तो हट्ट करत नाही, घाबरलेला असतो. दिनक्रम पहिल्यासारखा ठेवला, रात्रीची गोष्ट चुकवली नाही, तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. दोन-तीन महिन्यांनंतरही मूल नीट खात-झोपत नसेल, बोलायचं कमी झालं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

सात ते दहा वर्षांच्या मुलाचं दुःख वेगळंच. त्याचा मित्र सुटलेला असतो, क्रिकेटच्या टीममधली जागा गेलेली असते. ‘‘इथे मिळतील की नवे मित्र!’’ असं झटकन म्हणून त्याला गप्प करू नका. आधी त्याला हळहळू द्या. रविवारी जुन्या मित्राशी फोनवर बोलू द्या. सुट्टीत एकदा भेट घडवून आणा. जुना धागा तुटला नाही, तर नवा जोडायला मूल घाबरत नाही. आणखी एक करता येईल. नव्या घरातला एखादा निर्णय त्याच्यावर सोपवा. पुस्तकांची फळी कुठे ठोकायची, पलंग कोणत्या भिंतीला लावायचा, गॅलरीत कोणतं रोप लावायचं, हे त्याला ठरवू द्या.

शाळेचा दाखला आणि हक्क

वर्षाच्या मध्येच बदली झाली की पालकांचं धाबं दणाणतं ते शाळेच्या प्रवेशाने. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मिळत नाही आणि त्याच्यावाचून नवी शाळा दारात उभं करत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. इथे कायदा माहीत असायला हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, शाळा बदलावी लागली तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. तो मिळायला उशीर झाला, म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांना बदलीची ही तरतूद लागू नाही. तिथे जागा आणि नियम आधीच विचारून घ्या. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी केंद्रीय विद्यालयांचा पर्याय आहे. या शाळा १९६३ पासून मुख्यतः अशाच कुटुंबांच्या मुलांसाठी चालवल्या जातात.

प्रवेश मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला पाच मिनिटं भेटा. मूल कुठून आलं, कोणती भाषा बोलतं, कशाला घाबरतं, एवढं सांगितलं तरी पुरे. त्याला बोलक्या मुलाशेजारी बसवा, अशी विनंती करा. पहिल्या चाचणीत गुण घसरले तर आकांडतांडव करू नका. नव्या शाळेतली पाठ्यपुस्तकं, शिकवण्याची पद्धत आणि कधीकधी माध्यमही वेगळं असतं.

लशीचं कार्ड कुठे आहे?

सामानाच्या गडबडीत हमखास हरवणारी वस्तू म्हणजे मुलांच्या लसीकरणाचं कार्ड. ते खोक्यात नको, हातातल्या पिशवीत ठेवा. घर बदलण्याच्या धांदलीत विसरतात ते बहुधा मोठेपणीचे डोस. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लशीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो, तर दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांचा असताना. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातल्या लशी देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. गाव बदललं म्हणून अडचण येत नाही. एखादा डोस चुकला असेल तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेऊन पुढे जाता येतं. कार्ड दाखवून डॉक्टरांना विचारा. मूल आजारी नसताना एकदा नव्या डॉक्टरांकडे जाऊन यावं हे उत्तम. त्यांचा फोन नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा पत्ता फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

घर नवं, धोकेही नवे

जुन्या घरातल्या धोक्याच्या जागा तुम्हाला पाठ होत्या. इथल्या अजून माहीत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी मुलाच्या उंचीवर वाकून सगळं घर एकदा पाहा. गॅलरीच्या कठड्याजवळ स्टूल, मोठी कुंडी किंवा उलटी बादली ठेवू नका, मूल त्यावर चढतं. नव्या इमारतीत पाण्याच्या वेळा कळेपर्यंत आपण पिंप-बादल्या भरून ठेवतो. रांगणारं मूल अर्धी बादली पाण्यातही बुडू शकतं, हे विसरू नका. बाथरूमचं दार बंद ठेवा आणि पिंपांवर झाकण असू द्या. लिफ्टमध्ये लहान मुलांना एकटं पाठवू नका. खाली खेळताना गाड्या कुठून मागे येतात ते त्यांना जागेवर नेऊन दाखवा.

चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव, इमारतीचं नाव, मजला आणि आई-बाबांपैकी एकाचा फोन नंबर पाठ हवा. जुना पत्ता तोंडात बसलेला असतो, तेव्हा नव्याचं गाणं करून शिकवा. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइन दिवसरात्र सुरू असते. मोठ्या मुलांना हा नंबर सांगून ठेवा.

शेजार कसा जोडावा?

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव घालणं म्हणजे शेजार जोडणं नव्हे. पाणी कधी येणार ते तिथे कळतं, पण ताप आलेल्या मुलाजवळ बसायला माणूसच लागतं. सोपे मार्ग जुनेच आहेत. मुलाला घेऊन रोज ठरलेल्या वेळी खाली जा. पाच दिवस तीच वेळ साधली, तर तेच चार चेहरे दिसू लागतात आणि सहाव्या दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘‘कितव्या मजल्यावर?’’ विरजण मागायला संकोच करू नका. मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला त्यात जास्त बरं वाटतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मजल्यावरच्या सगळ्या दारांवर जा. बाळाचा वाढदिवस हॉटेलात न करता खालच्या बागेत साधा भेळ-केक ठेवून करा.

घराबाहेर नोकरी करणाऱ्या आईला संध्याकाळी वेळ मिळत नाही, हे खरं. मग रविवारची सकाळ बाबांनी उचलावी. मुलांना खाली नेणं हे काही फक्त आईचं काम नाही. बाबाही असेच नव्या वस्तीत माणसं जोडू शकतात. आजी-आजोबा सोबत असतील तर काम आणखी सोपं. बाकावरच्या आजीला अख्ख्या इमारतीची माहिती आठ दिवसांत होते. पाळणाघर निवडताना तिथल्या इतर दोन आयांशी बोला. मुलांची चौकशी होईल आणि तुमचीही ओळख होईल.

महाराष्ट्राबाहेर गेलात तर भाषेची धास्ती वाटते. मुलांना ती फार काळ वाटत नाही. खेळता खेळता ती कन्नड किंवा तेलुगू उचलतात आणि भाजीवाल्याशी बोलताना आईला तीच मदत करतात. तुम्हीही दहा-वीस शब्द शिकून घ्या. शेजारणीच्या भाषेत ‘जेवण झालं का’ एवढं विचारलं, तरी दार जरा जास्त उघडतं. घरात मात्र मराठी सोडू नका. आजीशी फोनवर बोलायला तीच उपयोगी पडणार आहे. दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, इंदूर, बडोदा अशा अनेक शहरांत मराठी मंडळं आहेत. गणपतीत तिथे जरूर जा, पण तेवढ्यावर थांबू नका. मंडळ दहा मैलांवर असतं, शेजारीण दहा पावलांवर.

आईलाही करमायला हवं

या सगळ्यात एका माणसाची चौकशी कुणी करत नाही. नवऱ्याला कचेरीत माणसं भेटतात, मुलांना शाळेत भेटतात. दिवसभर घरात तान्ह्या बाळाबरोबर असणारी स्त्री मात्र संध्याकाळपर्यंत कुणाशी चार वाक्यं बोललेली नसते. मग लहानसहान गोष्टीवरून तिचा आवाज चढतो, मुलं रडतात आणि ‘‘एवढं चांगलं घर घेतलं, तरी तुझं काय बिनसलंय?’’ असा प्रश्न येतो. तिचं बिनसलेलं नसतं, तिला करमत नसतं. नवऱ्याने हे ओळखायला हवं. रोज अर्धा तास मुलांना सांभाळून तिला एकटीला बाहेर जाऊ द्यावं. वाचनालय, योगासनांचा वर्ग, नाहीतर नुसता फेरफटका. आई स्थिरावली की मुलं तिच्या मागोमाग स्थिरावतात. उदासी महिनोन् महिने टिकली, झोप-भूक हरपली, तर डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा मानू नये.

पहिल्या तीन महिन्यांसाठी स्वतःपुरतं एकच साधं उद्दिष्ट ठेवा. जिथे रात्री-बेरात्री बेल वाजवता येईल असं एक घर, जिथे मूल न विचारता खेळायला जाईल असं दुसरं आणि जिथे घराची जास्तीची किल्ली ठेवता येईल असं तिसरं. ही तीन घरं मिळाली, की फोनवर ‘‘घर लागलं’’ असं बिनदिक्कत सांगा, माळ्यावरचे खोके उघडायचे राहिले असले तरी. आणि मजल्यावर नवं बिऱ्हाड येताना दिसलं, तर चहाचा थर्मास आणि पाण्याची बाटली घेऊन जा. त्यांच्याही घरात चपला घालून दाराशी उभं राहिलेलं एखादं मूल असेल. त्याला खाली खेळायला नेण्याचं काम तुमच्या मुलावर सोपवा.