उंबरठ्यावरचा बोका: मांजरांच्या भांडणांविषयीचे गैरसमज
बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतलं जुनं घर सरळ रेषेत मागे जातं. पुढे सोपा, मग मधलं घर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या, त्यामुळे पुढून मागे जायला वाट एकच. अशा घरात तीन मांजरं असली आणि त्यांतला एक बोका मधल्या घराच्या उंबरठ्यावर पाय दुमडून नुसता बसला, तरी सोप्यातल्या मांजराचं खाणं, पाणी आणि परड्यातली माती, तिन्ही तुटतात. बोका गुरगुरत नाही, पंजा उगारत नाही. फक्त बघतो. घरच्यांना वाटतं, किती शहाणा आहे! मग संध्याकाळी सोप्यातली भाटी कोपऱ्यात सापडते, फिसकारते, बोचकारते, आणि ‘ही फार तापट’ असा शिक्का तिच्यावर बसतो.

जी ओरडते तीच भांडखोर, हा या विषयातला सगळ्यांत मोठा गैरसमज. फिसकारणं, अंग फुगवणं, कान मागे पाडून जमिनीला चिकटणं ही बहुतेकदा घाबरलेल्या मांजराची लक्षणं असतात. दादागिरी करणारं मांजर बऱ्याचदा आवाजही करत नाही. ते टक लावतं, वाट अडवतं, दुसरं खायला बसलं की शेजारी जाऊन उभं राहतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकाहून जास्त मांजरं असलेल्या सुमारे अडीच हजार घरांना प्रश्न विचारले गेले. तणावाची सर्वाधिक वेळा दिसलेली खूण होती टक लावून बघणं. मारामारी ही पुढची पायरी. तिथपर्यंत गोष्ट जाते तेव्हा तंटा बरेच दिवस मुरलेला असतो.

खेळ आणि भांडण यांतही गल्लत होते. २०२३च्या जानेवारीत स्लोव्हाकिया आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी शंभराहून जास्त मांजरांच्या चित्रफिती तपासून निष्कर्ष मांडला. गपचूप चाललेली कुस्ती बहुधा खेळ असते. आवाज काढत केलेला पाठलाग बहुधा भांडण. मधल्या छटाही सापडल्या, म्हणजे खेळता खेळता एकाला नकोसं होतं आणि दुसरं थांबत नाही. घरच्यांनी बघायचं ते इतकंच: पाळी बदलते का? कधी हे वर, कधी ते, आणि मधूनमधून दोघं थांबतात, असं असेल तर चालू द्यावं. दर वेळी एकच मांजर पळत असेल, तर त्याच्यासाठी तो खेळ नव्हे.

‘आपापसात मिटवतील’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ते खरं ठरत नाही, आणि त्याचं कारण मांजराच्या कुळात आहे. पाळीव मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं, हे २००७ साली जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. हा पूर्वज एकट्याने शिकार करणारा. कुत्र्यासारखी टोळी त्याला नव्हती, त्यामुळे हरल्याची कबुली देऊन वाद संपवण्याच्या खुणाही मांजरांत फारशा नाहीत. त्यांचा तंटा संपतो तो एकाने निघून जाण्याने. रविवार पेठेसारख्या धान्यबाजारात किंवा मासळीच्या दुकानांमागे मांजरं एकत्र दिसतात खरी, पण तिथे खाणं मुबलक असतं, पळायला दहा दिशा असतात, आणि असे गट बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या भाट्यांचे असतात. घरात निघून जायला जागाच नसेल, तर प्रत्येक मारामारीतून भीती वाढत जाते. बेळगावचा पाऊस जूनमध्ये एकदा लागला की एरवी परड्यात आणि कौलांवर फिरणारी मांजरंही घरातच कोंडली जातात. घर तेच, पण चार महिने उंबरठ्यावरची ती एक वाट सगळ्यांना वापरावी लागते.

म्हणून उपाय सुरू होतो तो घराच्या मांडणीपासून. अमेरिकेतल्या मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२४मध्ये मांजरांमधल्या तणावावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांचा भर याच गोष्टीवर आहे. खाण्याच्या ताटल्या वेगळ्या, आणि एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठिकाणी. एकाच परातीत सगळ्यांना दूधभात वाढणं आपल्याकडे प्रेमाचं मानतात. मांजराला ते संकट वाटू शकतं, शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. शी-शूसाठी मातीचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त, आणि वेगवेगळ्या खोल्यांत. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच ट्रे. उंबरठ्यावरचा बोका तिन्ही एकदम बंद करतो.

जुन्या घरांचं भाग्य असं की त्यांत उंची असते. कोनाडे, फडताळाची वरची फळी, माळ्याची शिडी, सगळं मांजरांच्या उपयोगाचं. मधल्या घराच्या भिंतीवर दोन फळ्या अशा ठोकल्या की मांजर उंबरठा न ओलांडता वरून पलीकडे उतरू शकेल, तर एका वाटेच्या दोन वाटा होतात. फ्लॅटमध्ये हेच काम कपाटाचा माथा आणि त्याखाली ठेवलेलं स्टूल करतं. चढायला आणि उतरायला वेगळी जागा मात्र हवी, नाहीतर वर गेलेलं मांजर तिथेच अडकतं.

‘बोका म्हटल्यावर भांडणारच’ हे अर्धसत्य आहे. खच्ची न केलेले बोके भाट्यांवरून आणि हद्दीवरून जिवावर उठतात. १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठ्या वयात नसबंदी केलेल्या बोक्यांपैकी दहातल्या जवळजवळ नवांचं भांडणं, भटकणं आणि भिंतीवर मुताचा फवारा मारणं कमी झालं. पाच महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं पशुवैद्य सांगतात. भाटीला आधी एकदा पिल्लं होऊ दिल्याने ती शांत होते, याला आधार नाही. पण नसबंदीने सगळं आपोआप निवळतं असंही नाही. एका छपराखालच्या, नसबंदी झालेल्या दोन भाट्यांचंही वर्षानुवर्षं पटत नाही, आणि अशा भांडणात प्रश्न जागेचा आणि भीतीचा असतो. पिल्लं झालेल्या मांजरीची गोष्ट वेगळी. ती पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपण म्हणतो. आकडा सोडला तर निरीक्षण खरं आहे. धोका वाटला की ती जागा बदलते, आणि त्या काळात एरवीच्या मैत्रिणीवरही धावून जाते. तिला दार लागणारी एक खोली दिली की पुष्कळसा त्रास टळतो.

काही घरांत तंटा खरोखर एका दिवसात सुरू होतो. कालपर्यंत एकाच गोणपाटावर झोपणारी दोन मांजरं आज एकमेकांचा जीव घ्यायला उठतात. ‘याला काहीतरी बाधलं’, ‘कुणाची नजर लागली’ इथवर बोलणं जातं. कारणं साधी आणि शोधता येण्यासारखी असतात.

पहिलं कारण वास. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटरवर, म्हणून पुष्कळ जण मांजर दाखवायला तिकडेच जातात. समजा, दोन बहिणींपैकी एकीला शस्त्रक्रियेसाठी नेलं. दिवसभर ती दवाखान्यात राहिली, स्पिरिटचा, इतर जनावरांचा, गाडीचा वास अंगाला लागला, आणि भुलीच्या अंमलात झोकांड्या देत ती रात्री घरी परतली. घरी राहिलेल्या बहिणीने तिचं अंग हुंगलं आणि केस पिंजारून फिसकारली. मांजरं एकमेकांना डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त ओळखतात. तिच्या दृष्टीने घरात परकं मांजर शिरलेलं असतं. अशा वेळी दोघींना एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावं, घरच्या मांजराच्या अंथरुणाचा कपडा परतलेल्या मांजराखाली घालावा, आणि वास जुळला की मगच दार उघडावं.

दुसरं कारण खिडकीबाहेर असतं. गल्लीतला परका बोका गजांपलीकडे येऊन बसतो. आतल्या मांजराचा संताप होतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि नेमकं शेजारून गेलेलं घरातलं मांजर तो राग झेलतं. घरच्यांनी परका बोका पाहिलेलाच नसतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवला तरी फरक पडतो. संतापलेलं मांजर मात्र शांत व्हायला काही तास, कधी काही दिवसही घेतं; तोवर त्याला अंधाऱ्या, निवांत खोलीत एकटं ठेवावं, उचलून कुरवाळायला जाऊ नये.

तिसरं कारण दुखणं. किडलेला दात, सांधेदुखी, लघवीचा अडथळा, म्हातारपणी वाढलेलं थायरॉइड. मांजर दुखणं लपवतं आणि जवळ येणाऱ्यावर चिडतं. वागणं अचानक बदललं तर पहिली फेरी जनावरांच्या डॉक्टरकडे, बाकी सगळं नंतर.

मारून, पाणी फेकून किंवा दोघांची मानगूट धरून समोरासमोर बसवून काहीही साधत नाही. मार आणि समोरचं मांजर यांची सांगड मांजराच्या डोक्यात बसते, आणि वैर पक्कं होतं. मारामारी जुंपली तर हात मध्ये घालू नये. सूप, उशी किंवा मोठा पुठ्ठा दोघांच्या मध्ये सरकवला की एकमेकांची नजर तुटते आणि वेगळं करणं सोपं जातं.

‘नवीन पिल्लू आणलं की जुनं मांजर निवळेल’ हा बेत अनेकदा उलटा पडतो. २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात नवं मांजर आणलेल्या साधारण निम्म्या घरांत सुरुवातीला भांडणं झाली, आणि पहिली भेट बिनसली तिथे पुढेही तंटे होत राहिले. नव्या पाहुण्याला आधी दार बंद करून वेगळ्या खोलीत ठेवावं. कपड्यांची अदलाबदल करून वास ओळखीचा करावा. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवण द्यावं, पुढे जाळीतून एकमेकांना बघू द्यावं, आणि त्यानंतर छोट्या भेटी. याला आठवडे लागतात, कधी महिने. संख्येचंही भान हवं. २०२५च्या फेब्रुवारीत पुण्याच्या हडपसर भागातल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची तक्रार झाली आणि प्रशासनाला नोटीस काढावी लागली. तिथे शेजाऱ्यांच्या त्रासाची चर्चा खूप झाली. चार भिंतींत कोंडलेल्या त्या मांजरांना काय सोसावं लागलं असेल, याची फार कमी झाली.

जखमांबाबतचे गैरसमज तर जिवावर बेततात. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक आणि खोल जातो. वरून कातडी मिटते आणि आत पू धरतो. दोन-तीन दिवसांनी गाठ, ताप, खाणं बंद. त्यावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणं म्हणजे विष देणं, कारण मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. डेटॉलही जखमेला लावू नये. चाटल्यावर ते पोटात जातं. चाव्यातून मांजरांत प्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणूही पसरतो, जो १९८६मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम सापडला. तो माणसाला होत नाही. माणसाला भीती रेबीजची. मांजर चावलं किंवा त्याने ओरबाडून रक्त काढलं तर चुना, हळद, मिरची काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कर्नाटक सरकारने २०२२मध्ये माणसातला रेबीज हा सक्तीने कळवण्याचा आजार ठरवला, तो उगाच नव्हे. घरातल्या प्रत्येक मांजराला रेबीजची लस दर वेळी मुदतीत द्यायलाच हवी.

सगळं करूनही काही जोड्या जुळत नाहीत. तेव्हा भांडखोर मांजराला पोत्यात घालून बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची रीत महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांत आहे. ‘मांजर कुठेही जगतं’ हा त्यामागचा समज. घरात वाढलेलं मांजर परक्या बोक्यांच्या हद्दीत पडतं, उपाशी राहतं, गाडीखाली येतं. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. त्यापेक्षा घराचे दोन भाग करून मांजरांच्या पाळ्या लावणं बरं: एक सकाळी सोप्यात, दुसरं परड्याच्या बाजूला, दुपारी अदलाबदल. तेही जमेना तर दुसरं मांजर नसलेलं, लळा लावणारं एखादं घर ओळखीत शोधावं. इथे चार मांजरांत दात विचकणारं जनावर तिथे एकटं असताना महिन्याभरात मांडीवर येऊन झोपू शकतं.