तस्करांच्या खिंडीत चकतीचा खेळ

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे छोटे डोंगराळ राज्य आहे. तिथल्या एका खिंडीतून 108 क्रमांकाचा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना घराएवढे दगड आणि मधून सापासारखा वळत जाणारा अरुंद रस्ता. मोठी वाहने आणू नका अशा पाट्या लावल्या आहेत, तरी एखादा ट्रकवाला घुसतोच आणि वळणावर अडकून बसतो. मग वाहतूक ठप्प, आणि दंड भरावा लागतो तो वेगळाच! हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंदच ठेवतात.

खिंडीचे नाव स्मगलर्स नॉच, म्हणजे तस्करांची खिंड. 1807 साली अमेरिकेच्या सरकारने परदेशांशी व्यापार बंद केला. व्हरमाँटच्या शेतकऱ्यांची बाजारपेठ कॅनडातल्या माँट्रियलला. पोटाला चिमटा बसला तेव्हा ते गुरे आणि माल या खिंडीतून चोरून नेऊ लागले. पुढे 1920 नंतर दारूबंदी आली, तेव्हा कॅनडातली दारू याच वाटेने उलटी आली. या दोन काळांच्या मध्ये आणखी काही माणसे इथून गेली. दक्षिणेतल्या मालकांच्या तावडीतून निसटलेले काळे गुलाम याच खिंडीने कॅनडाकडे, स्वातंत्र्याकडे गेले, असे तिथे आजही सांगतात. जाताना कोणी मागे वळून पाहिले असेल काय?

वाचकहो, आज याच खिंडीच्या पायथ्याच्या रानात लोक प्लॅस्टिकच्या चकत्या फेकत हिंडतात. हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. बर्फावर घसरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या विश्रामस्थानाने अठरा-अठरा टप्प्यांची दोन मैदाने केली आहेत. फॉक्स रन मेडोज त्यातल्या त्यात मोकळे, तर ब्रूस्टर रिज खऱ्या अर्थाने रानातले आणि चढउताराचे. 2018 आणि 2023 साली या खेळाची व्यावसायिक जागतिक स्पर्धा इथेच झाली.

खेळ समजायला अगदी सोपा. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत खळग्यापर्यंत न्यायचा असतो. इथे काठीही नाही, चेंडूही नाही. हाताने चकती फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. शेवटी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली असते, तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की तो टप्पा संपला. ज्याच्या फेका कमी तो जिंकला. आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांना हे बरे वाटते. खर्च कमी तो कारभार चांगला!

आता खऱ्या गोल्फकडे पाहा. शेकडो एकर जमीन सपाट करायची, गवताला रोज पाणी पाजायचे, आणि खेळणाऱ्या साहेबामागे पिशवी वाहायला दुसरा माणूस. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या नियमांत सभासद गोऱ्या वंशाचाच हवा असे कलम होते, ते 1961 साली निघाले. ऑगस्टा येथील प्रसिद्ध मास्टर्स स्पर्धेत 1982 पर्यंत पिशव्या वाहायला क्लबचेच हमाल घ्यावे लागत, आणि ते सगळे काळे असत. मैदान एकच, पण चालायची वाट कोणाची आणि ओझे कोणाचे, हे आधीच ठरलेले.

चकतीच्या खेळात मात्र आपली पिशवी आपणच वाहायची. एड हेड्रिक नावाचा गृहस्थ फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम करी. 1975 साली त्याने कॅलिफोर्नियातल्या ला कॅन्याडा येथील सार्वजनिक बागेत पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होत. मग त्याने साखळ्यांची टोपली काढली. तिचे पेटंट 1977 सालचे आहे. साखळ्या वाजल्या की वाद मिटला. आज जगभर पंधरा हजारांहून जास्त मैदाने आहेत आणि त्यांतली बहुतेक सार्वजनिक बागांत, फुकट. दहा-वीस डॉलरची एक चकती घेतली की खेळ सुरू करता येतो.

पण बागेतला खेळ वेगळा आणि ब्रूस्टर रिजसारख्या रानातला वेगळा. चला, मनाने का होईना, एक फेरी मारू.

मेपल, बर्च आणि बीच यांच्या खोडांमधून एक बोळ दिसतो. चाळीच्या दोन भिंतींमधून पतंग बाहेर काढावा तशी चकती त्या बोळातून न्यायची. ही चकती लहान मुले समुद्रावर झेलतात ती नव्हे. ही लहान, जड, कडेला धारदार उतार असलेली, साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची. लांब जाणारी ड्रायव्हर, मधल्या अंतराची मिडरेंज आणि टोपलीजवळ टाकायची पटर, असे तिचे प्रकार. उजव्या हाताने, हात छातीसमोरून ओढून फेकली तर वेग कमी होताच ती डावीकडे झुकते. बोळ उजवीकडे वळत असेल तर? मग हात बदलायचा नाही, फेक बदलायची. तळहात पुढे ठेवून, ओढ्यावर पाण्यात सपाट दगड मारतो तशी फेकली की ती शेवटी उजवीकडे झुकते.

अंगात ताकद आहे म्हणून जोरात फेकणारा रानात लवकर उघडा पडतो. मोकळ्या मैदानात शंभर मीटर फेकणाऱ्याची चकती पहिल्याच बर्चच्या खोडावर खाडकन आपटते आणि वीस पावलांवर पडते. त्याच्या मागून येणारी किरकोळ बाई साठ मीटर सरळ टाकते आणि पुढे निघून जाते. रानात सरळपणाला किंमत आहे.

चढावर चकती पुढून उचलली जाते, लवकर दम सोडते आणि अपेक्षेपेक्षा अलीकडेच पडते. म्हणून पुढची कड जरा खाली दाबून फेकावी लागते. उतारावर उलटे. जमीन खाली खाली जाते आणि चकती हवेतच राहते, तरंगत तरंगत कुठल्या कुठे. कडेवर उभी पडली तर चाकासारखी घरंगळत जाते, आणि मालक वरून पाहत राहतो.

खरी परीक्षा टोपलीजवळ. समजा, टोपली उताराच्या अगदी काठावर आहे आणि चकती आठ मीटरवर. घातली तर एक फेक वाचते. चुकली तर चकती पलीकडे जाऊन तीस मीटर खाली, झाडीत. तिथून वर यायला आणखी दोन फेका. मग काय करावे? शहाणा माणूस कधी कधी टोपलीच्या अलीकडेच हळूच टाकतो आणि पुढच्या फेकीत आरामात घालतो. पाहणाऱ्यांना वाटते, घाबरला! मला तर तोच खेळाडू आवडतो. महिनाअखेर ज्याला पगार पुरवायचा असतो त्याला हा निर्णय समजावून सांगावा लागत नाही. जवळच्या दहा मीटरच्या आतून फेकताना तोल सांभाळून उभे राहणेही नियमाने बंधनकारक आहे. फेकीसरशी पुढे पाऊल पडले तर दंड. उतारावर, ओल्या मुळांवर एका पायावर हे करून पाहा म्हणजे कळेल.

झाडाच्या फांद्या वाटेत आल्या तर मोडायच्या नाहीत, हाही नियम. फांदीला कमीत कमी धक्का लागेल असेच उभे राहायचे. तरी झाडांना इजा होतेच. रोज शेकडो आघातांनी साली निघतात, पायांनी माती दाबली जाऊन मुळे उघडी पडतात. काही मैदानांवर खोडांभोवती लाकडी फळ्या बांधाव्या लागल्या आहेत. रान फुकट वापरतो म्हणून ते फुकटचे होत नाही.

आणि गोचीड! त्या भागातल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून त्याला नाव पडले. म्हणून खेळून आल्यावर पोटऱ्या, काखा, कानामागे नीट तपासतात. लहान मुले बरोबर असतील तर अगोदर त्यांना.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. खेळ सर्वांसाठी खुला आहे असे म्हणतात, पण या खेळाच्या अमेरिकेत स्थापन झालेल्या संघटनेत बायकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे, आणि खेळणाऱ्यांत गोरे पुरुषच फार. 2023 साली याच खिंडीत महिलांचे जागतिक अजिंक्यपद जिंकणारी क्रिस्टिन टाटर ही एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशातली. आदल्या वर्षीही तिनेच ते जिंकले होते. खासगी जागेतल्या मैदानांवर पैसे घेण्याची पद्धतही आता वाढते आहे. दूरच्या डोंगरातल्या मैदानाला तर मोटार, पेट्रोल आणि सुट्टी लागते. दाराला कुलूप नाही, पण दारापर्यंत पोहोचायला भाडे लागते, अशी ही गोष्ट आहे.

हेड्रिक 2002 साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या करण्यात आल्या.

रानात चकती हरवणे तर ठरलेलेच. पानगळीत तांबड्या-पिवळ्या पानांखाली लाल चकती दोन हातांवर असून दिसत नाही. शोधायला नियमाने तीनच मिनिटे मिळतात. म्हणून नवी चकती घेतली की खेळाडू तिच्या पाठीवर शाईने आपले नाव आणि फोन नंबर लिहितो. कोणी अनोळखी माणूस आठवड्याने, कधी बर्फ वितळल्यावर, त्याच झाडीत आपली चकती शोधत फिरताना ती उचलतो, पुसतो आणि तो नंबर फिरवतो.