इंग्रजी पडद्यावरील परका उच्चार आणि राष्ट्रीय साचे

ब्रिटिश व अमेरिकन चित्रपट-दूरचित्रवाणीत परकीय पात्राचे राष्ट्रीयत्व बहुधा त्याच्या उच्चारावरून ओळखू येते. हा उच्चार म्हणजे त्या समाजाच्या बोलीची नोंद नव्हे. तो प्रेक्षकाशी केलेला संकेत असतो. बीबीसीच्या ‘अलो अलो’ (१९८२-९२) या मालिकेत सर्व पात्रे इंग्रजीच बोलतात. मात्र फ्रेंच पात्रे फ्रेंच ढंगाने व जर्मन पात्रे जर्मन ढंगाने. येथे ढंग हीच भाषा ठरते. फ्रेंच पोलिसाच्या वेषातील इंग्रज हेर ‘गुड मोनिंग’ म्हणतो, तेव्हा त्याचे फ्रेंच कच्चे आहे एवढेच सुचवायचे असते.

संकेत फसला की नाही, हे कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मध्ये डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटाने साकारलेल्या लंडनच्या कामगाराच्या कॉकनी उच्चाराची ब्रिटनमध्ये अर्धशतक टिंगल झाली. २०१७ मध्ये त्याने जाहीर क्षमाही मागितली. ‘द अनटचेबल्स’ (१९८७) मधील शॉन कॉनरीचा आयरिश पोलीस स्कॉटिश उच्चारातच बोलतो. तरीही त्या भूमिकेस ऑस्कर मिळाले! अर्थात येथे ज्यांची नक्कल झाली, ते प्रेक्षकागारातच बसलेले होते आणि त्यांचे हसणे ऐकले गेले.

भारतीय पात्राबाबत असे दीर्घकाळ घडले नाही. ‘द पार्टी’ (१९६८) मध्ये पीटर सेलर्स या इंग्रज नटाने भारतीय पात्र रंगवले. ‘द सिम्पसन्स’मधील अपू या दुकानदाराला १९९० पासून आवाज देणाऱ्या हँक अझारिया याने सेलर्सच्या त्या भूमिकेचे ऋण मान्य केले आहे. म्हणजे ही नकलेची नक्कल होय. इंग्रजीतील वर्त्स्य ध्वनींच्या जागी मूर्धन्य ट-ड येणे ही भारतीय इंग्रजीतील वस्तुस्थितीच आहे. ती कल्पित नाही. दोष आहे तो सरसकटीकरणात. बंगाली भाषकाचा ‘भेरी’, हिंदी भाषकाचा ‘इस्कूल’, हे भेद पुसून त्यांच्या जागी एकच ‘भारतीय’ सूर बसवला गेला.

१९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांची पुढील पिढी लेखन-निर्मितीत आली, तेव्हा हा सूर प्रश्नांकित झाला. हरी कोंडाबोलू यांचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट २०१७ मध्ये आला. २०२० मध्ये अझारियाने ती भूमिका सोडली. शाळेत अपूच्या उच्चारात चिडवल्या गेलेल्या मुलांसाठी हा प्रश्न केवळ कलेचा नव्हता.

ब्रिटनमध्ये हे उत्तर विनोदाने, आणि बरेच आधी, दिले गेले. १९९८ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘गुडनेस ग्रेशस मी’च्या एका प्रसिद्ध प्रहसनात भारतीय मित्रमंडळी ‘इंग्लिश’ खायला जातात, सर्वांत बेचव पदार्थ मागवतात आणि इंग्रज वेटरच्या साध्या नावाचा मनसोक्त विपर्यास करतात.