बापासारखे होण्याचे भय

चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने काढली, तेव्हा नायजेरियाला स्वातंत्र्य मिळायला अजून दोन वर्षे अवकाश होता आणि आफ्रिकेविषयी इंग्रजीत जे कथात्म साहित्य वाचले जाई ते बहुतांशी गोऱ्या लेखकांचे होते. अचेबे स्वतः एका मिशनरी धर्मप्रचारकाचे चिरंजीव. इबादानच्या महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी जॉइस केरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ वाचली आणि त्या पुस्तकातला नायजेरियन माणूस त्यांना मुळीच ओळखीचा वाटला नाही. साहजिकच त्यांच्या कादंबरीकडे वसाहतवादाला दिलेले उत्तर म्हणून पाहिले जाते, आणि त्यात काही गैर नाही. मात्र नायक ओकोंक्वो हा परंपरेचा अखेरचा राखणदार आणि गोरा मिशनरी तिचा विध्वंसक, अशी सरळसोट वाटणी केली की कादंबरीतले सर्वांत महत्त्वाचे सूत्र हातून निसटते. ज्या परंपरेच्या नावाने ओकोंक्वो उभा ठाकतो, तिचे नियम गोरा माणूस गावात पाऊल ठेवण्याआधीच त्याने मोडलेले असतात, आणि ते मोडायला भाग पाडते ते त्याच्याच मनात घर करून बसलेले भय.

या भयाचे मूळ त्याच्या वडिलांच्या आयुष्यात आहे. आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांच्या उमुओफिया या नऊ गावांच्या समूहात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उनोका नावाचा एक गृहस्थ बासरी वाजवण्यात रमलेला, गावभर देणी करून ठेवलेला आणि रक्त पाहताच अस्वस्थ होणारा असा जगला. इग्बो समाजात माणसाची पत त्याने मिळवलेल्या उपाधींवर ठरे, आणि त्या मिळवण्यासाठी मोठा खर्च करावा लागे. उनोकाच्या नावावर एकही उपाधी नव्हती. अशा पुरुषासाठी ‘अगबाला’ हा शब्द होता आणि स्त्रीलाही तोच. ओकोंक्वोच्या लहानपणी एका सवंगड्याने त्याच्या बापाला, उनोकाला, तो लावला, तो सल कायमचा राहिला. पुढे अंगाला सूज येण्याच्या रोगाने उनोका आजारी पडला, तेव्हा असे मरण भूमिदेवतेला अशुभ मानले जात असल्यामुळे त्याला मूठमातीही न देता अमंगळ रानात सोडून देण्यात आले. वडिलांना जे जे आवडले त्या सगळ्याचा, म्हणजे आळसाबरोबर हळुवारपणाचाही, द्वेष करायचा असे ओकोंक्वोने ठरवून टाकले.

त्याचे कर्तृत्व मात्र खोटे नव्हते. अठराव्या वर्षी त्याने सात वर्षे अजिंक्य असलेल्या मल्लाला चीत केले, आणि वारशाने काहीच न मिळाल्यामुळे एका श्रीमंत शेतकऱ्याकडून यामची ८०० बेणी वाट्याने घेऊन शेती उभी केली. याम हा कोनफळाच्या कुळातला कंद. तो पुरुषांचे पीक आणि पिकांचा राजा मानला जाई, तर अळकुड्या, शेंगा आणि कसावा ही पिके बायकांची समजली जात. त्या वर्षी आधी अवर्षणाने आणि मग अतिवृष्टीने कंद नासले, एका शेतकऱ्याने गळफास घेतला, पण ओकोंक्वो तगला; आपण हे सोसले त्याअर्थी काहीही सोसू, ही त्याची पुढची खात्री तिथूनच आलेली दिसते.

ओकोंक्वोची पुरुषार्थाची कल्पना त्याच्या समाजाच्या कल्पनेपेक्षा बरीच कोती आहे, हे अचेबे कुठेही ठासून सांगत नाहीत; प्रसंगांमागून प्रसंग मांडून ते दाखवतात. इग्बोंची सर्वांत दरारा असलेली देवता अनी ही भूमी, म्हणजे स्त्रीरूप. पेरणीपूर्वीच्या शांतिसप्ताहात कोणी कोणाला उणादुणा शब्दही बोलायचा नाही असा तिचा दंडक असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ओकोंक्वो बायकोला मारतो. आणखी एका प्रसंगात न्दुलुए हा वृद्ध योद्धा आणि त्याची पत्नी एकाच दिवशी मरण पावल्याची वार्ता येते. तरुणपणी उमुओफियाच्या लढायांत पुढारपण केलेला हा पुरुष बायकोला सांगितल्याशिवाय काहीच करत नसे, हे बोलण्यातून निघते, तेव्हा जमलेल्यांपैकी एकट्या ओकोंक्वोलाच ते कोडे वाटते. असा माणूस बलवान कसा असेल, हे त्याला काही केल्या पटत नाही.

भयाची सर्वांत जबर किंमत मोजावी लागते ती इकेमेफुनाच्या वधात. शेजारच्या म्बाइनो गावाने एका खुनाची भरपाई म्हणून दिलेला हा पंधरा वर्षांचा मुलगा तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरी वाढतो आणि त्याला बाप म्हणू लागतो. दैवी कौल त्याच्या वधाचा निघतो, तेव्हा गावातला सर्वांत वयोवृद्ध माणूस ओकोंक्वोला मुद्दाम बजावून जातो की या कामात त्याने हात घालू नये. म्हणजे परंपरा त्याला बाजूला राहण्याची मुभा तर देतेच, वर तसे सुचवतेही. तरीही तो जातो. रानवाटेवर डोक्यावर ताडीचे मडके घेऊन चाललेल्या मुलावर पहिला वार होतो, तेव्हा ओकोंक्वो तोंड फिरवतो. पण मडके फुटते आणि मुलगा बापाला हाका मारत त्याच्याचकडे धावतो, त्या क्षणी चारचौघे आपल्याला दुबळा म्हणतील या धास्तीने तो कोयता उपसून त्याला स्वतः तोडतो. नंतर दोन दिवस त्याच्या घशाखाली अन्न उतरत नाही, आणि त्याबद्दलही तो स्वतःलाच म्हातारी बाई म्हणून हिणवतो. त्याचा मित्र ओबिएरिका सोबत गेलेला नसतो; कौलाची आज्ञा त्याला अमान्य नसते, मात्र ती पार पाडणारा हात आपला असावा असे त्याला वाटत नाही.

ओकोंक्वोचा मुलगा न्वोये इकेमेफुनाला थोरला भाऊ मानत असतो, आणि त्या रात्री बाप घरी येताच काय घडले हे त्याला न सांगता कळते. पुढे एका अंत्यविधीत ओकोंक्वोच्या हातची बंदूक फुटून एक मुलगा दगावतो. इग्बो कायद्यात अजाणता घडलेली अशी हत्या ‘स्त्री’ प्रकारची धरली जाई आणि तिला सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा असे, म्हणून त्याला म्बांटाला, म्हणजे आजोळी, जावे लागते. सुखात माणूस बापाच्या गावी असतो पण दुःखात त्याला आईचेच माहेर पोटाशी धरते, हे मामा उचेंदू त्याला परोपरीने सांगतो. भाचा मात्र ती वर्षे वाया गेली असेच धरून चालतो.

याच काळात मिशनरी येतात, आणि चर्चमध्ये प्रथम कोण जाते हे पाहण्याजोगे आहे: उपाधी नसलेले पुरुष, जुळी होताच रानात टाकली गेल्यामुळे कित्येक बाळंतपणे वाया गेलेली एक बाई, देवाला वाहिलेले म्हणून वाळीत पडलेले ओसू, आणि न्वोये. त्रैक्याचा सिद्धांत न्वोयेला समजत नाही. टाकलेल्या जुळ्यांचे आणि इकेमेफुनाचे जे प्रश्न त्याच्या मनात कुढत राहिले होते, त्यांवर त्या भजनांनी फुंकर घातली, एवढेच. ज्यांना या समाजाने, आणि ओकोंक्वोच्या घराने, जागा नाकारली तेच पहिले फुटले. बाकीच्यांसाठी शाळा, दवाखाना आणि पाम तेलाला चढा भाव देणारी पेढी पुरेशी होती; कचेरी आणि तिचे शिपाई तर होतेच.

ओकोंक्वो परततो तेव्हा गाव बदललेला असतो, आणि सभा बंद करायला आलेल्या शिपायाचे मुंडके तो उडवतो, तेव्हा इतर शिपायांना कोणी अडवत नाही. तो गळफास घेतो. आत्महत्या हा भूमीचा अपराध असल्याने त्याच्या देहाला गावकरी हात लावू शकत नाहीत आणि ते काम परक्यांवर येते. बापाच्या ज्या मरणाची त्याला आयुष्यभर लाज वाटली, त्याहून त्याचे स्वतःचे मरण फारसे वेगळे होत नाही. जिल्हा कमिशनरला त्यात आपल्या नियोजित पुस्तकासाठी एका परिच्छेदाचा मजकूर दिसतो. कादंबरीतला हा उपरोध गाजलेला आहे, पण अचेबे यांनी पुढच्या कादंबरीत केलेला जास्त बोचतो. १९६० सालच्या ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ मध्ये न्वोये हा आयझॅक नावाचा निवृत्त धर्मप्रचारक आहे. बापाने फास घेतल्याची खबर आली तेव्हा तो गेला नव्हता. इंग्लंडात शिकून आलेला त्याचा मुलगा ओबी एका ओसू मुलीशी लग्न करायचे म्हणतो, ख्रिस्ताच्या घरात ओसू कोणीच नसतो हे बापाचेच शिकवणे बापाला ऐकवतो. आणि ज्या चर्चमध्ये ओसूंच्या शेजारी बसून त्याला स्वतःला आसरा मिळाला होता त्याचा हा जुना सेवक मुलाला विचारतो, की उद्या तुझ्या मुलींना कोण करून घेईल आणि मुलांना मुली कोण देईल.