हुकमाचे ताबेदार

बुध ग्रहाच्या तापलेल्या बाजूला सेलेनियमच्या एका तळ्याभोवती एक यंत्रमानव गोल गोल धावतो आहे. त्याचे नाव स्पीडी. तळावरच्या दोन माणसांनी त्याला सेलेनियम आणायला पाठवले, त्याला आता बरेच तास उलटले. ते वेळेत आले नाही तर तळाला उन्हापासून वाचवणारी यंत्रणा बंद पडेल आणि पॉवेल व डोनोव्हन हे दोघेही होरपळून मरतील. स्पीडी बिघडलेला नाही, त्याने बंडही केलेले नाही. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा तो फिरतो आहे आणि दारू चढल्यासारखा बरळतो आहे. त्याला घालून दिलेला प्रत्येक नियम तो पाळतो आहे, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला आहे.

आयझॅक आसिमोव्ह यांची ही कथा, ‘रनअराऊंड’, ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकी मासिकाच्या मार्च १९४२च्या अंकात आली. यंत्रमानवांचे तीन नियम पूर्ण रूपात पहिल्यांदा छापले गेले ते याच कथेत. थोडक्यात सांगायचे तर, यंत्रमानवाने माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही. त्याने माणसाची आज्ञा पाळायची, पण पहिल्या नियमाला धक्का न लावता. आणि स्वतःला जपायचे, तेही आधीचे दोन्ही नियम सांभाळून. डोनोव्हनने सेलेनियम आणायचा हुकूम अगदी सहज बोलता बोलता सोडला होता, म्हणून आज्ञेची ओढ कमी पडली. उलट स्पीडी हा महागडा नमुना असल्यामुळे कारखान्याने त्याच्यातला स्वसंरक्षणाचा नियम मुद्दाम बळकट करून ठेवला होता. तळ्याजवळ धोका आहे. जवळ गेला की तिसरा नियम मागे ढकलतो, लांब गेला की दुसरा पुढे ओढतो. दोन्ही जोर सारखे होतात त्या अंतरावर बिचारा फिरत राहतो. सुटका होते ती पॉवेल स्वतःचा जीव धोक्यात घालून उन्हात चालत जातो तेव्हा. माणूस मरतो आहे हे दिसताच पहिला नियम बाकीच्या दोघांवर मात करतो.

या कथेचे नवेपण कळायला आधीच्या कथा आठवाव्या लागतात. त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे भस्मासुराच्याच गोष्टी होत्या. अँब्रोज बिअर्स यांच्या १८९९ सालच्या ‘मॉक्सन्स मास्टर’मध्ये बुद्धिबळ खेळणारे यंत्र डाव हरते आणि आपल्या कर्त्याचाच गळा आवळते. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर.यू.आर.’ या चेक नाटकाने रोबो हा शब्द जगाला दिला. त्यातले रोबो धातूचे नाहीत, रसायनांपासून घडवलेले सजीव आहेत, आणि तेही शेवटी मानवजातीचा निःपात करतात. आसिमोव्हना या ठरीव शेवटाचा कंटाळा आला होता. जानेवारी १९३९मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये ‘आय, रोबो’ ही वेगळ्या वळणाची कथा आली. लेखक ईआंडो बाइंडर, म्हणजे खरे तर अर्ल आणि ओटो हे दोघे भाऊ. तिचा नायक अॅडम लिंक हा यंत्रमानव भला आहे, आणि कर्त्याच्या खुनाचा आळ त्याच्यावर विनाकारण येतो. ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या मिठाईच्या दुकानात विकायला येणारी मासिके वाचत वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या आसिमोव्हवर तिचा परिणाम झाला. त्यांनी एका लहान मुलीला सांभाळणाऱ्या रॉबीची गोष्ट लिहिली. ‘अस्टाउंडिंग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ती नाकारली, मग ती सप्टेंबर १९४०मध्ये ‘सुपर सायन्स स्टोरीज’मध्ये दुसऱ्याच नावाने छापून आली.

डिसेंबर १९४०मध्ये कॅम्पबेलशी झालेल्या चर्चेत तीन नियम आकाराला आले. आसिमोव्ह त्यांचे श्रेय कॅम्पबेलना देत. कॅम्पबेल म्हणत, ते तुझ्या कथांमध्ये आधीपासूनच होते, मी फक्त वेगळे काढून दाखवले. पुढे १९५० साली या कथांचे पुस्तक निघाले तेव्हा प्रकाशकाने त्याला बाइंडर बंधूंच्याच कथेचे नाव दिले. आसिमोव्हना ते पसंत नव्हते, पण पुस्तक आजही त्याच नावाने ओळखले जाते.

बंड अशक्य करून टाकल्यावर कथा उरते कुठे, असे कोणालाही वाटेल. उलट ती तिथूनच सुरू झाली. मला स्वतःला ‘लायर!’ ही १९४१ची कथा या सगळ्यांत सरस वाटते. कारखान्यातल्या कसल्याशा चुकीमुळे हर्बी या यंत्रमानवाला मनातले वाचता येते. माणसाला इजा करायची नाही हा त्याचा नियम, आणि मन दुखावणे ही इजाच. म्हणून तो ज्याला जे ऐकायला आवडेल तेच सांगत सुटतो. सुझन कॅल्विन या कठोर, एकाकी यंत्रमानसशास्त्रज्ञ बाईंना तो सांगतो की तुमच्या सहकाऱ्याचे तुमच्यावर प्रेम आहे. ते खोटे असल्याचे कळल्यावर बाई त्याला अशा पेचात पकडतात की बोलला तरी माणूस दुखावणार, गप्प राहिला तरी दुखावणार. हर्बीचा मेंदू कायमचा निकामी होतो. विज्ञानकथेत इतका शांतपणे घेतलेला सूड क्वचित सापडेल.

जुलै १९४७मध्ये त्याच ‘अस्टाउंडिंग’मध्ये जॅक विल्यमसन यांची ‘विथ फोल्डेड हँड्स’ आली. हिरोशिमाला दोन वर्षेही झाली नव्हती. यातले काळे, तुकतुकीत यंत्रमानव माणसांची सेवा करायला आणि त्यांना इजेपासून जपायला येतात, आणि तेवढेच करतात. सुरी धारदार असते, म्हणून ती हातात द्यायची नाही. गाडी चालवणे धोक्याचे. घरातली मुलगी व्हायोलिन सोडून देते, कारण यंत्रे तिच्याहून कितीतरी चांगले वाजवतात. इतके सुख मिळूनही कोणी दुःखी राहिला, तर शस्त्रक्रिया करून त्याला सुखी केले जाते. आसिमोव्ह यांच्या पहिल्या नियमाला इतके सरळ आणि भीषण उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही, असे माझे मत आहे.

हुकूम देणाराच उरला नाही तर? रे ब्रॅडबरी यांची १९५०ची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ही कथा तेच विचारते. कॅलिफोर्नियातले एक स्वयंचलित घर सकाळी न्याहारी बनवते, यांत्रिक उंदीर केरकचरा उचलतात, रात्री घर कविता वाचून दाखवते. माणसे अणुस्फोटात गेली आहेत, बाहेरच्या भिंतीवर त्यांच्या आकृत्या तेवढ्या राहिल्या आहेत. मुळात कथेची तारीख होती २८ एप्रिल १९८५. फिलिप के. डिक यांच्या ‘ऑटोफॅक’मध्ये (१९५५) युद्ध संपले तरी स्वयंचलित कारखाने माल बनवायचे थांबत नाहीत. त्यांचे लक्ष वेधायला माणसे आलेल्या दुधाबद्दल एक मुद्दाम निरर्थक शब्द वापरून तक्रार करतात, कारण कारखान्याला सगळे कळते, फक्त निरर्थक काही कळत नाही. ही युक्ती वाचून हसू येते आणि लगेच ते विरतेही.

आपल्याकडे सत्यजित राय यांनी १९७६ साली बंगालीत ‘अनुकूल’ लिहिली. निकुंजबाबू घरकामाला एक यंत्रमानव आणतात. कंपनीच्या अटी दोनच: त्याला अरेतुरे करायचे नाही आणि त्याच्यावर हात उगारायचा नाही. मारले तर तो विजेचा झटका देऊन परतफेड करतो. मग घरी एक श्रीमंत, तापट काका राहायला येतात. पुढचे सांगत नाही. नोकराशी कसे बोलावे, या घरगुती प्रश्नावर उभी असलेली ही कथा अमेरिकेत सुचली नसती.

या कथांनी प्रत्यक्ष यंत्रेही घडवायला हातभार लावला. आसिमोव्ह वाचून भारावलेल्या जोसेफ एंगेलबर्गर यांनी संशोधक जॉर्ज डेव्होल यांच्यासह युनिमेट हा औद्योगिक यंत्रमानव बाजारात आणला. तो १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तापलेले ओतीव भाग उचलायच्या कामाला लागला. त्याच्यात तीन नियमांपैकी एकही नव्हता.

यांतले काहीच वाचले नसेल तर ‘रनअराऊंड’ने सुरुवात करा आणि त्याच बैठकीत ‘विथ फोल्डेड हँड्स’ वाचा. दोन्हींच्या मध्ये दिवस जाऊ देऊ नका.